भूकंप, वीज आणि चार डिस्क

सर्व्हर बसल्याचा फोन आला की शाखेत पोहोचल्यावर मी आधी सर्व्हरकडे जात नसे. आधी मीटरची पेटी, मग अर्थिंगचा खड्डा. मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला, दुसरी अर्थला. दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. परंडा-भूमकडे उन्हाळ्यात वीस-वीस व्होल्ट सहज दिसायचे. शाखाधिकारी वैतागायचे, ‘‘अहो, मशीन आत आहे, तुम्ही परसात काय हुडकताय?’’

हुडकण्यासारखं परसातच असायचं. आमचा बराचसा जिल्हा बालाघाटच्या पठारावर बसला आहे. वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अर्थिंगचा खड्डा खणणारा गडी पाषाण लागला की थांबतो, कोळसा-मीठ टाकून मोकळा होतो आणि बिलावर पुरी खोली लावतो. पावसाळ्यात ओल असते तोवर हे खपून जातं. मे महिन्यात खड्डा ठणठणीत कोरडा पडला की अर्थिंग असून नसल्यासारखी. मग मी शाखेतल्या शिपाईमामांना म्हणायचो, ‘‘मामा, रोज सकाळी एक बादली इथं.’’ मामा हसायचे. प्यायला पाणी टँकरनं येतंय आणि हा खड्ड्याला पाणी पाजायला सांगतोय!

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मी युनिक्स सर्व्हर दुरुस्त करत फिरलो. बँकांच्या शाखा, विम्याचं ऑफिस, साखर कारखान्याचा हिशेब विभाग असली आमची गिऱ्हाइकं. हा धंदा सुरू झाला आणि संपला, दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत. लोहाराचा भाता किंवा घोंगडीचा माग गेला तर त्यावर कुणीतरी लिहितं. आमच्यावर कोण लिहिणार, म्हणून हा खटाटोप.

मराठवाड्यात बँक म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी पहिलं नाव ‘हैदराबाद बँक’. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली ही हैदराबाद स्टेट बँक. उस्मानिया सिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता. १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. तिच्या जोडीला १९७६ पासून नांदेडहून चालणारी मराठवाडा ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि नागरी सहकारी बँका. या सगळ्यांचा हिशेब जाडजूड लेजरांत. खतावणीची पानं सांभाळणारा कारकून रजेवर गेला की खातेदार परत जायचे.

संगणक आला तो वरून आला. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांचा विरोध होता, तेव्हा ‘संगणक’ हा शब्दही जपून वापरत. आधी आली ती ‘लेजर पोस्टिंग मशीन’. एकेका टेबलापुरती, एकमेकांशी अबोला धरलेली. व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात १९९३ मध्ये करार झाला आणि वाट मोकळी झाली. खरी घाई मात्र १९९८ नंतर. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना फर्मान काढलं की १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. दक्षता आयुक्तांचा यात काय संबंध, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: हाती लिहिलेल्या वहीत घोळ लपवता येतो. इकडे आमच्यासारख्यांना झोप मिळेनाशी झाली. कळंब, तुळजापूर, उमरगा, जिथं बघावं तिथं खोकी उतरत होती.

त्या खोक्यांवर युनिक्स चालायचं. १९६९ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली ही प्रणाली. आमच्याकडे आली ती सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीची, साध्या पीसीच्या जातीच्या मशीनवर चालणारी. आम्ही तिला ‘स्को’ म्हणायचो. एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे मुके टर्मिनल. माउस नाही, चित्रं नाहीत. कॅशियर, क्लार्क, अधिकारी सगळे एकाच डब्यात लिहिणार. डबा बसला की आख्खी शाखा बसली.

युनिक्सची एक खोड आधी सांगितली पाहिजे. तुम्ही नोंद केली की ती लगेच डिस्कवर उतरत नाही. मेमरीत ठेवून थोड्या वेळानं उतरवली जाते. वेग त्यामुळेच मिळतो. म्हणून बंद करताना रीतसर आज्ञा द्यायची, पडद्यावर ‘आता वीज बंद केली तरी चालेल’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येईपर्यंत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. पण लाईट तुमची आज्ञा घेऊन जात नाही. मध्येच गेली की अर्धं लिहिलेलं तसंच राहतं. पुन्हा सुरू करताना ‘एफएससीके’ नावाची तपासणी धावते: आधी ब्लॉक आणि आकार, मग फाइलींचे मार्ग, मग एकमेकांशी जोडणी, मग संदर्भांची मोजदाद, शेवटी मोकळ्या जागेची यादी. ज्या तुकड्यांचा धनी सापडत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात नुसत्या आकड्यांच्या नावानं जाऊन पडतात. त्या कप्प्यात सापडलेला आकडा उघडून ‘हे बचत खात्याचं आहे की कर्जाचं’ हे ओळखणं, हा आमच्या हुन्नराचा निम्मा भाग.

सुरुवातीला एका सर्व्हरला एकच डिस्क असे. ती गेली की रात्री काढलेली नकलेची टेप लावायची, टेपनंतरच्या पावत्या पुन्हा चढवायच्या. कामाचं दिवाळं निघायचं, पण भानगड स्वच्छ होती. डिस्क गेल्याचं सगळ्या शाखेला त्याच मिनिटाला कळायचं.

मग चार-चार डिस्कची रांग आली. तिच्यामागचं गणित १९८८ चं. कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. मोठ्या मेनफ्रेमची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पीसीच्या स्वस्त डिस्क पुष्कळ घ्या, एकत्र बांधा. अडचण त्यांनीच सांगितली: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कच्या रांगेतली कुठली तरी एक ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. उपाय म्हणजे जास्तीची डिस्क आणि तिच्यावर बाकीच्यांची ‘बेरीज’. बँकेच्या माणसांना मी हे खतावणीवरूनच समजवायचो. तीन खात्यांत ४७, १२ आणि ३१. चौथ्या रकान्यात बेरीज ९०. मधला आकडा उंदरानं खाल्ला तरी ९० मधून ४७ आणि ३१ वजा करा, १२ परत आले. मशीन ही बेरीज एक आणि शून्य यांची, हातचा न धरता करतं, आणि पाचव्या पातळीच्या रांगेत बेरजेचा रकाना आळीपाळीनं प्रत्येक डिस्कवर फिरवतं, एवढाच फरक. हेड कॅशियरला हे पहिल्याच फटक्यात कळायचं. बेरीज हा त्यांचा प्रांत.

तो निबंध मी पुष्कळ उशिरा वाचला आणि त्यातल्या दोन गोष्टींवर अडखळलो. त्यांच्या तक्त्यात बिघडलेली डिस्क बदलायला वेळ धरला होता एक तास. आणि सगळं गणित या समजुतीवर उभं होतं की एक डिस्क जाण्याचा दुसरीशी संबंध नाही. याला अपवाद काय, ते त्यांनी कंसात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं: भूकंप किंवा विजेचा झटका आला तर डिस्क एकेकट्या जाणार नाहीत.

बर्कलेत हे कंसात बसत असेल. आमच्या जिल्ह्यात कंस काढून वाचावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून माणसं नुकती निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. केंद्र किल्लारीपाशी, लातूर जिल्ह्यात. पण आमचं सास्तूर आणि उमरग्याकडची गावंही त्याच रात्री मातीत गेली. सुमारे आठ हजार माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या वर्षी चार डिस्कचं मशीन जिल्ह्यात मी तरी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे भूकंपानं कुणाची रांग पाडली असं सांगता येणार नाही. पण त्याचा आमच्या कामावर परिणाम झाला. घरादाराचे कागद दगड-मातीखाली गेल्यावर ‘हे घर माझं होतं’ हे सिद्ध करण्याची वेळ काय असते, ते त्या भागातल्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नाही. सोलापुरात किंवा लातुरात रात्रीची टेप सर्व्हरशेजारच्या तिजोरीत ठेवू नका, दुसऱ्या इमारतीत ठेवा, हे सांगून घसा बसायचा. उमरग्याकडच्या शाखेत सांगितलं की समोरचा माणूस नुसती मान हलवायचा, आणि पुढच्या खेपेला टेप खरंच दुसऱ्या गावच्या शाखेत गेलेली असायची.

राहिला विजेचा झटका. तो दर आठवड्याचा. वीज मंडळाची लाईन शेतातून आलेली, वारा सुटला की तारा एकमेकींना भिडणार. मृगाच्या आधीच्या वळवात तर विचारू नका. सगळ्यांत वाईट म्हणजे डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल तुटणं. न्यूट्रल गेला की २३० च्या जागी तीनशे, साडेतीनशे, वाईट वेळ असली तर त्याहून वर दाब चढतो. अख्ख्या गल्लीतले बल्ब लख्ख पेटतात आणि फुटतात. सर्व्हरच्या आत चारही डिस्कना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय एकच. मग चार डिस्क वेगळ्या कुठे राहिल्या? शिवाय चौघी एकाच खोक्यातून, एकाच खेपेत आलेल्या, एकाच कोंदट खोलीत बेचाळीस अंशांचा उन्हाळा काढलेल्या. एकीला जे झालं ते दुसरीला आठवड्याभरात व्हायचंच. निबंधातली ‘स्वतंत्र मरणं’ आम्हाला क्वचितच बघायला मिळाली. म्हणून मी आधी परसात जायचो.

आता तो एक तास. उस्मानाबाद शहराला रेल्वे नव्हती. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईटची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जायची, शहर बाजूलाच. रुंद रूळ शहराला लागले ते २००७-०८ मध्ये. डिस्क पुण्याहून यायची, नसली तर मुंबईहून पुण्याला आणि मग इकडे. एसटीच्या पार्सलनं, ओळखीच्या कंडक्टरच्या पायापाशी. त्यात शनिवार-रविवार आला, वॉरंटीचा कागद सापडला नाही, विभागीय कार्यालयाची मंजुरी अडली, की तासाचा आठवडा आणि आठवड्याचा महिना. तेवढा काळ रांग तीन पायांवर उभी.

आणि ती उभी राहायची, हेच तर दुखणं. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, बेरजेतून वजाबाकी करून आकडे मिळत राहतात. मशीन किंचित मंद होतं. पुढच्या पट्टीवर हिरव्याच्या जागी पिवळट दिवा लागतो. काही मशीनं कर्कश्श किंचाळायची. ती कटकट बंद करायचं बटण कुठं आहे हे मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सापडायचं. पिवळा दिवा महिनोन्महिने जळत असलेली मशीनं मी पाहिली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘चालतंय की, सर.’’ एका ठिकाणी तर त्या दिव्यावर देवीच्या फोटोचं स्टिकर होतं. भक्ती म्हणून की डोळ्याला लागतो म्हणून, ते मी विचारलं नाही. एक डिस्क होती तेव्हा सगळे जागे होते. चार झाल्यावर निर्धास्त झाले. या यंत्राच्या शोधकांशी बोलता आलं असतं तर मी हेच बोललो असतो.

पिवळा दिवा दिसला की पहिला नियम: हात खिशात. दिव्याकडे बघून डिस्क ओढायची नाही. आधी युनिक्सच्या संदेशांची फाइल वाचायची. एकाच जागचं वाचन वारंवार फसतंय, तर डिस्कचा पृष्ठभाग गेला. नुसतीच ‘उत्तर नाही’ अशी तक्रार असेल, तर डिस्क बरी आणि केबल ढिली, टर्मिनेटर सैल किंवा पॉवर सप्लाय दमलेला असण्याचा संभव मोठा. कितीतरी ‘मेलेल्या’ डिस्क मी धूळ पुसून, नीट बसवून परत जिवंत केल्या. हेच पार्सल मागवण्याआधी केलं तर पार्सल लागत नाही.

दुसरा धोका मोजण्याचा. स्काझी जातीच्या या डिस्कचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात: शून्य, एक, दोन, तीन. माणूस एकपासून मोजतो. एका शाखेत असंच झालं. फोनवरून कुणीतरी सांगितलं, दोन नंबरची डिस्क गेलीय, ती ओढून पुन्हा बसवा. शाखेतल्या उत्साही पोरानं वरून मोजत दुसरी ओढली. ती होती क्रमांक एक, ठणठणीत. चारपैकी दोन गेल्या, बेरजेत दोन आकडे अज्ञात, रांग कोसळली. बाहेर ऊसबिलाचे पैसे काढायला आलेली रांग, ती वेगळी.

मी पोहोचलो तेव्हा शाखाधिकारी डोकं धरून खुर्चीत बसले होते. अशा वेळी डिस्कची रांग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या स्वतःच्या मेनूत एक पर्याय असतो: ‘मेली’ असा शिक्का बसलेल्या डिस्कला जबरदस्तीनं जिवंत म्हणून उभं करणं. सगळी कसोटी इथं लागते. दोन डिस्कवर शिक्के आहेत, कोणती उठवायची? क्रमांक दोन ही तीन आठवड्यांपूर्वी गेलेली, तिच्यावर तीन आठवड्यांपूर्वीचा हिशेब. क्रमांक एक अर्ध्या तासापूर्वी ओढलेली, तिच्यावर अगदी ताजा. जुनी उठवली तर शिळं आणि ताजं एकत्र कालवलं जातं, आणि वर तपासणी चालवली की ती त्या कालवणालाच खरं मानून उरलंसुरलं ‘दुरुस्त’ करते. मग ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. जी सर्वांत शेवटी बाहेर गेली, तीच आधी आत घ्यायची. पण शेवटची कोणती, हे नोंदीवरून खात्री करून, घाबरलेल्या माणसांच्या सांगण्यावरून नाही. त्या दिवशी क्रमांक एक उठवली, सगळ्यात आधी टेप काढली, मग एफएससीके चालवलं. कप्प्यात मोजकेच तुकडे पडले. तरी त्या दिवसाच्या पावत्या आणि डे-बुक यांचा ताळा घालायला स्टाफ रात्री साडेअकरापर्यंत बसला. हेड कॅशियरबाईंनी घरून सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी मागवली. त्यानंतर मी जिथं गेलो तिथं डिस्कच्या पट्टीवर ०, १, २, ३ असे देवनागरी आकडे रंगवून आलो. त्या अंकांवर वाद कुणाला घालता आला नाही.

नवी डिस्क बसवली म्हणजे सुटलो असंही नाही. बाकीच्या तिन्ही डिस्कची पानं न् पानं वाचून चौथीची वजाबाकी करत ती भरायची. ते काम तासन्‌तास चालतं. दिवसा शाखेचं काम, म्हणून रात्री. रात्री लाईट जाणार, यूपीएसची बॅटरी म्हातारी. २००५ च्या सुमारास तर भारनियमनानं दिवसातले कित्येक तास अंधार. वरून, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या जुन्या खात्यांच्या जागा या वाचनात पहिल्यांदाच उघडल्या जातात, आणि तिथला कधीचा झिजलेला भाग नेमका आत्ता हाय खातो. दुसरी डिस्क जाण्याचा मुहूर्त म्हणजे पहिलीची भरपाई चालू असतानाची रात्र. यावर इलाज महिन्यातून एकदा सगळी रांग मुद्दाम वाचून काढणं. करारात ती अट लिहिलेली असायची, करणारे थोडे. जनरेटर भाड्यानं आणून ही भरपाई पुरी करा असं मी सांगायचो, तेव्हा डिझेलचं बिल कोणत्या खात्यात टाकायचं यावर डिस्क भरायला लागेल त्याहून जास्त वेळ चर्चा व्हायची.

२००३ नंतर मोठ्या बँकांनी कोअर बँकिंग आणलं. शाखेतले हिशेब उचलून दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेले. स्टेट बँकेचं नवी मुंबईत बेलापूरला. तिथं जाड अर्थिंग आहे, बदलायच्या डिस्क कपाटात तयार आहेत, बर्कलेवाल्यांचा एक तास तिथं खरोखर पाळता येतो. शाखेत उरलं ते कनेक्शन. आधी ‘सर्व्हर बसला’ म्हणायचे, आता ‘लिंक नाही’ म्हणतात. खातेदाराला दोन्हीत फरक पडत नाही. तो उन्हात उभाच. सहकारी बँकाही मागोमाग तिकडं गेल्या. जुने सर्व्हर भंगारात जाण्याआधी डिस्कना भोकं पाडून द्यायची, म्हणजे कुणाला त्यातलं वाचता येऊ नये, हे शेवटचं काम आमच्याकडे आलं. ड्रिल मशीन माझंच होतं, त्याचं भाडं मात्र बँकेकडून वेगळं मिळालं नाही.

माझ्याबरोबरचे काही पुण्याला गेले, काही एटीएमच्या देखभालीत. मी इथंच राहिलो. आता सीसीटीव्हीचे रेकॉर्डर बसवतो. सराफाची दुकानं, मंगल कार्यालयं, तुळजापूरचे लॉज. त्या डब्यात एकच डिस्क, चोवीस तास लिहिणारी. गिऱ्हाईक विचारतं, वर्षात दोनदा डिस्क कशी जाते हो? मी अर्थिंगच्या नव्या खड्ड्याचा अंदाज लिहून देतो. तो बघतो, कॅमेऱ्यापेक्षा खड्डा महाग दिसतो, आणि म्हणतो की यंदा डिस्कच टाका, खड्ड्याचं दिवाळीनंतर बघू.